बाल्कनी फुल्ल, आत तिघं

मंगळवार, ५ मार्च

प्रिय मामा,

फोनच करणार होते, पण मागच्या खेपेला तू "सिमेंट नको आम्हाला" म्हणून ठेवून दिलास. प्रोजेक्टरच्या खोलीला खेटून उभी हयात काढलीस, आता तुझे कान कायमच्या रजेवर गेलेत. तेव्हा तू मॅनेजर म्हणून सही केलेला, थिएटरच्या तिकिटांच्या आकड्यांचा कागद घेऊन जो कुरिअरवाला आमच्या ऑफिसात येतो, त्याच्याच हाती हे देतेय.

आधी कामाचं. शुक्रवारी आपल्या बारक्याचा सिनेमा लागला. पहिलाच. तुझा भाचा, माझा धाकटा भाऊ, आणि दुर्दैवाने माझ्याच यादीतला एक आकडा. माझं काम तुला माहीत आहे. शुक्रवार ते रविवार कुणी किती गल्ला जमवला ते सगळ्या थिएटरांकडून गोळा करायचं आणि गुरुवारच्या अंकात 'गल्ला' सदरात छापायचं, कोण चालला, कोण पडला. बारक्याचा पडलाय. शनिवारी सिनेमाने उडी घ्यायची असते, याने शनिवारी बसकण मारली. रविवारी तर लोकांनी शेजारच्या पडद्यावरचा भुताचा सिनेमा बघितला. भूतसुद्धा नवीन नव्हतं.

संपादकांना ठाऊक आहे तो माझा भाऊ आहे. सकाळपासून चष्म्यावरून बघतायत. मी 'पडला' असं छापलं नाही तर माझी धडगत नाही. छापणार आहे.

पण मामा, सगळीकडे कावळे उडत असताना एकट्या तुझ्या थिएटरात शनिवारी, रविवारी आणि चक्क काल सोमवारीही दुपारच्या खेळाला कॉम्प्युटरवर बाल्कनी फुल्ल. सोमवारी! अरे, सोमवारी भल्याभल्यांची बाल्कनी ओस पडते. काय भानगड आहे?

तुझ्याकडे तो टिकावा असं मला का वाटतंय ते सांगायला नको. बारक्याला बक्षीस नको, पैसे नकोत, फक्त बाबांनी एकदा बघावा एवढंच म्हणतो. आणि बाबांचं तुला माहीत आहे. हा सिनेमा करायला नोकरी सोडून निघाला त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर जाहीर करून बसलेत, "याचा सिनेमा लागेल त्या थिएटरात मी पाय ठेवणार नाही." वजनमापं खात्यातले निरीक्षक, शब्दात ग्रॅमभर फरक चालायचा नाही. चार वर्षं झाली, दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. तुझं थिएटर घरापासून चालत जाण्याजोगं. तिथून सिनेमा उतरला की विषय संपला.

तुझी,
आकडेबाई


गुरुवार, ७ मार्च

चि. आकडेबाईस मामाचे भरपूर आशीर्वाद आणि थोडा राग.

तुझा 'गल्ला' आत्ताच वाचला. "या सिनेमाने पहिल्याच पायरीवर पाय मुरगाळून घेतला." अगं, भाऊ ना तो तुझा! निदान 'ठेच लागली' म्हणायचं होतंस. बाकी आकडे बरोबर आहेत, त्यात मी बोलत नाही.

बाल्कनीचं विचारतेस. लोकांची आवड असते, आपण काय सांगणार. काही लोकांना दुपारी सिनेमा आवडतो. काहींना बाल्कनी आवडते. आमच्या मालकांनी कॉम्प्युटरवर बाल्कनी फुल्ल बघितली आणि सिनेमा आणखी एक आठवडा ठेवला, हे तुला चालत नाही का?

इकडे बाकी ठीक. मालकांना वरून नोटीस आली म्हणून दारात उतार बांधला आणि चाकाची खुर्ची आणली. अजून कुणी बसायला आलेलं नाही. आमचा डोअरकीपर तीत बसून डबा खातो आणि डुलकी काढतो. परवा त्याला डुलकीत उतारावरून थेट पानाच्या टपरीपर्यंत जाऊन यावं लागलं. तिकिटाची खिडकी तशीच रस्त्याच्या बाजूला आहे. मालक म्हणत होते आत घेऊ, मी म्हटलं राहू द्या. बाहेरच्या बाहेर तिकीट घेणाऱ्यांची सोय होते.

तुझी आई मजेत आहे. वडीलही. दोघं हल्ली दुपारी फिरायला जातात. वेगवेगळे.

तुझा,
मामा


सोमवार, ११ मार्च

मामा,

थापा मारताना तू फार सविस्तर लिहितोस. खुर्चीवर अख्खा परिच्छेद, आणि विचारलं त्यावर "लोकांची आवड".

तुझा सहीचा कागद माझ्यासमोर आहे. सगळी थिएटरं विकलेली तिकिटं कळवतात. जगात एकटा तू असा आहेस जो फाटलेली कळवतो. दारात डोअरकीपरने फाडून डब्यात टाकलेले अर्धे तुकडे संध्याकाळी मोजायचे आणि तोच आकडा लिहायचा, म्हणे "आत बसला तो प्रेक्षक". हजारदा सांगितलं, हे बंद कर, आमचे रकाने जुळत नाहीत. आज मात्र तुझ्या या खोडीचे आभार.

कॉम्प्युटर म्हणतो, दुपारची बाल्कनी रोज फुल्ल. तुझा कागद म्हणतो, बाल्कनीत रोज तीन माणसं. म्हणजे कुणीतरी तिकिटं उचलतंय आणि आत कुणी पाठवत नाही. मामा, याला आमच्यात उचल म्हणतात. सध्या हाच धंदा चाललाय. निर्मात्याचा दलाल गावोगाव फिरतो, रिकामी बाल्कनी विकत घेतो, आणि मग पोस्टरवर 'यशस्वी दुसरा आठवडा'. संपादकांनी रकान्यातला फरक माझ्याआधी हेरला. म्हणाले, या आठवड्याची मुख्य बातमी हीच, आणि तुझ्या भावाचा सिनेमा आहे म्हणूनच तू लिहायची.

मला रात्रभर झोप नाही. बारक्याच्या माथी हे पाप त्याच्या निर्मात्याने मारलं असेल तर मी त्याला सोडणार नाही. पण बारक्यालाच ठाऊक असेल तर?

कोण उचलतो तिकिटं? दिसतो कसा? दाढी आहे? गाडीतून येतो? सरळ लिही.

आकडेबाई


मंगळवार, १२ मार्च

आकडेबाई,

सरळ लिहितो.

एक गृहस्थ येतात. दाढी नाही, गाडी नाही, छत्री आहे. खिडकीशी उभे राहतात, "दुपारची बाल्कनी, शिल्लक असेल ती सगळी" म्हणतात. रोख देतात. तिकिटं मोजून घेतात, मग आणखी एकदा मोजतात, सुटे पैसे उजेडाला धरून बघतात आणि जातात. आत येत नाहीत. पायरीपाशी जरा थांबतात, पोस्टर बघतात, बस्स.

निर्मात्याचा माणूस नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. कोण आहे ते सांगता येत नाही, मी शब्द देऊन बसलोय. आणि एकालाच नाही, दोघांना. माझी काय अवस्था आहे तुला कल्पना नाही.

एवढंच ऐक माझं. या गुरुवारी ती बातमी छापू नकोस.

मामा


शुक्रवार, १५ मार्च

छापलंस ना.

"निर्मात्याचा बडबोला आव आणि एका छोट्या थिएटरातला सुटाबुटातला नव्हे, तर छत्रीवाला दलाल." छत्री मी सांगितली म्हणून छत्री! वर पुन्हा "असल्या बोगस प्रेक्षकांनीच या धंद्याचं वाटोळं केलं."

आता ऐक. शब्द गेला खड्ड्यात.

तो छत्रीवाला दलाल म्हणजे तुझे तीर्थरूप.

बसली दातखिळी? माझीही बसली होती. सिनेमा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, खिडकीशी येऊन उभे. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही? तर म्हणाले, "पाय ठेवणार नाही म्हणालो होतो. खिडकी रस्त्यावर आहे. रस्ता नगरपालिकेचा आहे." आणि बाल्कनी घेतली. मी विचारलं, बघणार नाही तर घेता कशाला? त्यावर त्यांनी खिशातून तुझ्या सदराची कात्रणं काढली. दर गुरुवारी कापून ठेवतात, ठाऊक आहे तुला? लाल पेन्सिलीने खुणा केलेल्या. "शनिवारी न वाढणारा सिनेमा गेला." "सोमवारी जो टिकतो तो खरा." "मालक बाल्कनी बघून ठरवतो." बाई, तुझे सगळे मंत्र पाठ आहेत त्यांना. तू लिहिलंस शनिवारी वाढायला हवा, त्यांनी वाढवला. तू लिहिलंस सोमवारी टिकायला हवा, त्यांनी टिकवला. दोन आठवडे तो सिनेमा त्या माणसाने एकट्याने पाठीवर वाहिलाय, आणि आत काय आहे ते बघितलेलंही नाही.

आणि बाल्कनीतली ती तिघं? त्यांची तिकिटं आमच्या प्रोजेक्टर चालवणाऱ्या ऑपरेटरच्या नावाने आधीच राखून ठेवलेली असतात. त्यातली एक तुझी आई. शेजारच्या दोघींना घेऊन रोज येते. घरी सांगते बँकेत जाते. तिनेही माझ्याकडून शब्द घेतलाय, "यांना कळता कामा नये." खिडकीशी नवरा, दाराशी बायको, आणि मधे मी! रोज तीन वाजता मला घाम फुटतो. गेल्या बुधवारी दोघं एकाच वेळी आले, तर मी पोस्टर बदलण्याचं नाटक करून अख्खं पोस्टर मधे धरून उभा राहिलो.

काल भाऊजी आले नाहीत. संध्याकाळी मी घरी गेलो. तुझं सदर टेबलावर. 'बोगस' या शब्दाखाली लाल रेघ. म्हणाले, "मी आयुष्यभर खोटी वजनं जप्त केली. आता माझ्या मुलीनेच मला जप्त केलं." रागाने नाही म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मालक आजच सिनेमा उतरवणार होते. हातापाया पडून दुपारचा एक खेळ पुढच्या गुरुवारपर्यंत ठेवलाय. त्यापुढे माझं काही चालणार नाही.

मामा


शनिवार, १६ मार्च

मामा,

तुझं पत्र ऑफिसात फोडलं आणि ऑफिसातच रडले. संपादकांना वाटलं पगारवाढीचं काही आहे, ते लगबगीने बाहेर गेले.

मला लाज वाटते. उजेडाला धरलेले सुटे पैसे वाचून तरी मला कळायला हवं होतं. लहानपणी मला खाऊचे पैसे द्यायचे तेही उजेडाला धरून. दोनदा मोजणारा, छत्रीवाला, आत पाय न ठेवणारा माणूस, आणि मला दिसला तो दलाल. इतकी वर्षं आकडे बघून माझी नजरच तशी झालीय. कुठे बाल्कनी भरली की मी आधी चोर शोधते.

बारक्याचा काल फोन आला. निर्मात्याने त्याला तोंडावर सांगितलं की तुझ्या बहिणीने आपल्याला बुडवलं. बारक्या मला म्हणाला, "ताई, पडला म्हणालीस ते खरं होतं, मी गिळलं. पण खोटा कशाला म्हणालीस?" मी त्याला बाबांचं सांगितलं नाही. ते सांगण्याचा हक्क बाबांचा. फक्त म्हटलं, चूक माझी आहे आणि ती मी छापणार आहे. त्याने फोन ठेवला.

संपादकांकडे गेले. म्हणाले, दुरुस्ती छापायची तर खुलासा पुरा पाहिजे, दलाल नव्हता तर कोण होता ते नात्यासकट. आणि नातं छापलं की हे सदर तुझ्याकडे राहत नाही. घरच्यांचा सिनेमा, घरच्यांची बाल्कनी, घरचीच लेखिका, वाचक हसतील. मी म्हटलं हसू देत. बारक्यालाही आता अंकातूनच कळेल, त्याला इलाज नाही. तिथेच बसून लिहिलं. गुरुवारच्या अंकात येईल, शेवटच्या ओळीपर्यंत तुला आत्ताच पाठवते, छापण्याआधी बाबांना दाखवू नकोस:

"गेल्या अंकात एका थिएटरातली बाल्कनी दलालाने उचलली असं छापलं होतं. तो दलाल नव्हता. ते दिग्दर्शकाचे वडील होते, आणि या सदराच्या लेखिकेचेही. त्यांनी तिकिटं रोख पैसे देऊन घेतली. कुणाला फसवलं नाही, कुणाकडून काही घेतलं नाही, पोस्टरवर काही छापून आणलं नाही. सिनेमाचा आकडा तोच राहतो. 'दलाल' आणि 'बोगस' हे दोन शब्द मागे घेत आहोत."

पुढच्या गुरुवारपासून माझ्याकडे थिएटरांच्या खुर्च्या-पंख्यांच्या जाहिरातींचं पान. मजेत राहीन. सध्या सुट्टी मिळत नाही, नाहीतर धावत आले असते.

मामा, एकच कर. गुरुवारी शेवटचा खेळ आहे. काहीही कर, पण बाबांना आत ने. पायाचं काय करायचं ते तू बघ.

आकडेबाई


शुक्रवार, २२ मार्च

चि. आकडेबाईस मामाचे आशीर्वाद. आज रागबिग काही नाही.

पायाचं बघितलं.

काल सकाळी तुझा अंक घेऊन घरी गेलो. भाऊजींनी दुरुस्ती वाचली. पेन्सिल उचलली, मला वाटलं आता आणखी एक रेघ. तर त्यांनी "रोख पैसे देऊन" नंतर बारीक अक्षरात लिहिलं, "मोजून." मग म्हणाले, "हे सदर गेलं तिचं." मी म्हटलं, गेलं. बराच वेळ छत्रीची मूठ पुसत बसले.

मी म्हटलं, भाऊजी, आज शेवटचा खेळ आहे, चला. म्हणाले, "पाय ठेवणार नाही असं बोललोय." मी म्हटलं, नका ठेवू. आमच्याकडे खुर्ची आहे.

माझ्याकडे असं बघितलं, जणू मी किलोला नऊशे ग्रॅम देतोय. मग विचारलं, "पाय ठेवायच्या पट्ट्या आहेत का तिला? जमिनीपासून उंची किती?"

तीन वाजता आले. आधी खाली वाकून पट्ट्या तपासल्या. एक पट्टी सैल होती, डोअरकीपरला स्क्रू पिळायला लावला. खिडकीवर तिकीट काढलं. एकच. मी म्हटलं राहू द्या, तर म्हणाले, "आजवर घेतली ती त्याच्यासाठी होती. हे माझ्यासाठी आहे." मग रस्त्यावरच खुर्चीत बसले, दोन्ही पाय पट्ट्यांवर, छत्री आडवी मांडीवर. डोअरकीपरने उतारावरून वर ढकललं. दारात तिकीट फाडलं. पाय कुठे म्हणून टेकला नाही, मी स्वतः बघत चाललो होतो. बाल्कनीला जिना आहे म्हणून खालीच, मधल्या वाटेत खुर्ची लावली.

दिवे गेले तशी वरून तुझी आई खाली वाकून बघत होती. तिने ओळखलं. शेजारणींना म्हणाली, "आमचे हे बँकेत आलेत वाटतं."

मध्यंतरात जागचे हलले नाहीत. पाणी विचारलं, नको म्हणाले. दुसऱ्या अर्ध्यात मी दोनदा डोकावलो. एकदा चष्मा पुसत होते. दुसऱ्यांदाही चष्माच पुसत होते.

संपल्यावर दिवे लागले. मी डोअरकीपरला म्हटलं, जा, खुर्ची आण. तो गेला आणि रिकामी खुर्ची ढकलत परत आला. भाऊजी उठून चालत बाहेर गेले होते. पुढच्या दाराने, पायऱ्यांवरून, तुझ्या आईचा हात धरून. छत्री खुर्चीतच राहिली. आज सकाळी न्यायला आले तेव्हा हे सोबतचं पाकीट दिलं आणि म्हणाले, तुझ्या कुरिअरमधून जाऊ दे, वेगळा खर्च नको.

कालच्या कागदावर मी आकडा लिहिलाय: विकली एकोणीस, फाटली एकोणीस. तुझ्या जागी जी कोण नवी बाई येईल तिला सांग, रकाने जुळले.

तुझा,
मामा


शुक्रवार, २२ मार्च

चि. मोठीस,

दुरुस्ती वाचली. योग्य आहे. "मोजून" हा शब्द राहिला होता, पण चालेल. तुझं सदर गेल्याचं मला वाईट वाटलं. ते मी पहिल्या अंकापासून वाचत आलो आहे. जाहिरातींचं पानही वाचेन.

सिनेमा बघितला. त्यातला तराजू तपासणारा म्हातारा माझ्यावरून घेतला आहे असं तुझी आई म्हणते. मला तसं वाटलं नाही. मी चष्मा असा पुसत नाही. मात्र तो मुलाला स्टेशनवर सोडायला जात नाही आणि गच्चीवरून गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा राहतो, ते याला कसं कळलं ते मला समजलं नाही. त्या दिवशी गच्चीवर मी एकटाच होतो असं मला वाटत होतं.

सोबत माझ्याकडचं अर्धं तिकीट जोडलं आहे. शेवटच्या आकड्यात धरावं.

मध्यंतरानंतर सिनेमा लांबला आहे. दहा-बारा मिनिटं सहज कमी होतील. हे त्याला सांग.

किंवा नको, राहू दे. मीच सांगतो. त्याचा हल्लीचा फोन नंबर पाठव.

बाबा